‘म्हणे’ मेंदूत कुठे कळतं?

एखाद्या पेपरचं शीर्षकच निकाल देऊन मोकळं होतं, तेव्हा मी जरा सावध होते. 2023 साली ‘सेरेब्रल कॉर्टेक्स’ या जर्नलमध्ये आलेल्या एका पेपरचं शीर्षक मराठीत साधारण असं होईल: माणसाच्या मेंदूतल्या भाषेच्या जाळ्यात ‘थिअरी ऑफ माइंड’चा पुरावा नाही. लेखक कोरी शेन, अलेक्झांडर पाउनोव, शुआनयी चेन, बेंजामिन लिपकिन आणि एव्हलिना फेडोरेंको. मेंदू आणि भाषा या विषयात पीएचडी करायचं मनात असेल, तर यातलं शेवटचं नाव तुम्हाला टाळता येणार नाही. पेपर चांगलाच आहे. मी तो दोनदा डिपार्टमेंटमध्ये वाचला आणि दोन्ही वेळा पटला. तिसऱ्यांदा खालापूरला घरी, ओटीवर बसून वाचला, तेव्हा तो एका जागी अपुरा वाटला. ती जागा कुठली, ते सांगते.

आधी संज्ञा. ‘थिअरी’ या शब्दाने फसू नका. समोरच्याच्या डोक्यात काय चाललंय याचा अदमास बांधण्याची आपली रोजची क्षमता, एवढाच त्याचा अर्थ. प्रेमॅक आणि वुडरफ यांनी 1978 साली चिंपांझींबद्दल लिहिताना हा शब्द वापरला आणि तो चिकटला. मराठीत ‘मनकवडा’ हा शब्द आपण एखाद्यालाच लावतो, पण थोडेफार मनकवडे आपण सगळेच असतो.

ही क्षमता तपासायची प्रसिद्ध रीत विमर आणि पर्नर यांनी 1983 साली मांडली. तिचा सांगाडा आपल्याकडच्या गोष्टीत घालते. काकीने विळा पडवीतल्या खुंटीला अडकवला आणि ती विहिरीवर गेली. मागून शेजारची मुलगी आली, तिने विळा घेऊन गवत कापलं आणि जाताना तो चुलीमागे ठेवला. परत आल्यावर काकी विळा आधी कुठे शोधेल? तुम्ही ‘खुंटीला’ म्हणाल. तीन वर्षांचं मूल बहुतेक वेळा ‘चुलीमागे’ म्हणतं, कारण विळा खरंच तिथे आहे. काकीच्या डोक्यातलं जग खऱ्या जगापेक्षा वेगळं असू शकतं, हे चार-पाच वर्षांच्या आसपास ध्यानात येतं.

मेंदूच्या अभ्यासात या गोष्टीला जोडीची दुसरी गोष्ट लागते, म्हणजे कंट्रोल. रेबेका सॅक्स आणि नॅन्सी कॅनविशर यांनी 2003 साली ती जोडी वापरली. दुसऱ्या गोष्टीतही जुनी, आता खोटी ठरलेली माहिती असते, पण ती कुणाच्या मनात नसते. फोटोत किंवा नकाशात असते. उदाहरणार्थ, 1990 साली छापलेला खालापूर तालुक्याचा नकाशा. आज तिथून एक्स्प्रेस-वे जातो, टोलनाका आहे. नकाशात त्या जागी काय दिसेल? डोक्याला कसरत तेवढीच, फक्त मन नाही. काकीची गोष्ट वाचताना नकाशाच्या गोष्टीपेक्षा जास्त काम करणारे भाग म्हणजे दोन्ही बाजूंचे, विशेषतः उजव्या कानाच्या वर-मागे असलेले, टेम्पोरो-परायटल जंक्शन आणि मेंदूच्या मधल्या भिंतीवरचे काही भाग. यांना मी मनाचं जाळं म्हणेन. भाषेचं जाळं वेगळं. बहुतेकांच्या मेंदूत ते डाव्या बाजूला, कपाळामागच्या आणि कानाजवळच्या पट्ट्यांत असतं. ते शोधायचं तर अर्थपूर्ण वाक्यं वाचायला द्यायची, मग निरर्थक अक्षरांच्या रांगा द्यायच्या, आणि पहिल्याला जास्त प्रतिसाद देणारे भाग टिपायचे.

आता पेपरचा प्रश्न. ही दोन जाळी खरंच वेगळी आहेत, की भाषेच्या जाळ्यातच मनाचा अदमासही थोडाफार बांधला जातो?

हा प्रश्न निव्वळ पुस्तकी नाही. आमच्या मोठ्या चुलत्यांना, आप्पांना, डाव्या बाजूचा स्ट्रोक झाला आणि त्यांची भाषा गेली. बोलणं तर गेलंच, लांब वाक्य समजणंही गेलं. घरात सगळे म्हणू लागले, ‘त्यांना आता काही कळत नाही.’ आणि कळत नाही म्हटल्यावर त्यांच्यासमोरच बोलणी सुरू झाली: गाडीरस्त्यालगतचा तुकडा विकायचा का, किती एकरी, सही की अंगठा. एक दिवस काकीने त्यांची तंबाखूची डबी उचलून धान्याच्या कणगीमागे लपवली. ती पाण्याला गेल्यावर आप्पा उठले, डबी काढली आणि उशीखाली ठेवली. संध्याकाळी काकी कणगीमागे हात घालून चाचपत होती, तेव्हा आप्पांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसले. काकीला डबी अजून तिथेच आहे असं वाटतंय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. वर दिलेली विळ्याची परीक्षा त्यांनी न बोलता दिली होती.

हा किस्सा आहे, पुरावा नाही. पुराव्यासाठी रोझमेरी व्हार्ली आणि मायकल सीगल यांचा 2000 सालचा पेपर पाहा. त्यांच्या रुग्णाचं व्याकरण जवळपास पूर्ण गेलं होतं, तरी दुसऱ्याच्या चुकीच्या समजुतीचे प्रश्न तो सोडवत होता. अशा रुग्णांमुळे एवढं कळतं की प्रौढ माणसाला मनाचा अदमास बांधायला त्या क्षणी व्याकरण लागतंच असं नाही. ‘त्या क्षणी’ हे महत्त्वाचं, कारण वाढत्या वयात चित्र उलटं दिसतं. ऐकू येणाऱ्या घरात वाढणारी, खुणांची भाषा लवकर न मिळालेली बहिरी मुलं या परीक्षेत मागे पडतात, असं पीटरसन आणि सीगल यांनी 1995 साली दाखवलं. म्हणजे शिडी चढताना भाषा लागते, माडीवर पोचल्यावर ती काढून घेतली तरी माणूस खाली पडत नाही.

मग 2023 च्या पेपरने नवं काय केलं? मला त्यातला सर्वांत आवडलेला भाग हा, की सुरुवातीला निकाल लेखकांच्या विरोधात जातो. 151 जणांच्या माहितीत भाषेच्या जाळ्यातले सगळे मुख्य भाग नकाशाच्या गोष्टीपेक्षा काकीच्या गोष्टीला जास्त प्रतिसाद देतात. एखादा घाईचा संशोधक इथे थांबून ‘भाषेच्या जाळ्यात मनही सापडलं’ असा पेपर छापून मोकळा झाला असता. हे थांबले नाहीत. त्यांनी विचारलं, दोन्ही गोष्टींची भाषा सारखी आहे का? नाही. ‘तिला वाटतं की…’, ‘त्याचा समज आहे की…’ अशी वाक्यात वाक्य असलेली रचना समजुतीच्या गोष्टींत ओघानेच जास्त येते. भाषिक अवघडपणाचा वाटा हिशेबातून वजा केल्यावर फरक बराचसा विरला. शिवाय शब्द नसलेल्या कामात, म्हणजे पिक्सारची ‘पार्टली क्लाउडी’ ही 2009 सालची छोटी फिल्म पाहताना, तो दिसलाच नाही.

यातून तंत्राची एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. भाषेचे आणि मनाचे भाग डाव्या बाजूला एकमेकांना खेटून आहेत, आणि माझी हद्द तुमच्या हद्दीशी मिलिमीटरला जुळत नाही. वीस-तीस मेंदू एकावर एक ठेवून सरासरी काढली की शेजारची दोन घरं एकच दिसतात. म्हणून ही मंडळी प्रत्येक माणसाचं जाळं त्याच्याच मेंदूत आधी शोधतात, मग प्रश्न विचारतात. जुन्या पेपरांत ‘ओव्हरलॅप’ हा शब्द दिसला की आधी पद्धत वाचा. बरेचदा तो ओव्हरलॅप सरासरीने तयार केलेला असतो.

आता माझी तक्रार. पहिली फिल्मबद्दल. ‘पार्टली क्लाउडी’त गस नावाचा ढग आणि पेक नावाचा करकोचा आहे. पेक दुसऱ्या ढगाकडे उडून जातो आणि त्याने आपल्याला सोडलं असं गसला वाटतं. गोष्ट गोड आहे, समजुतीचा प्रसंगही बरोबर निवडलाय. पण तिथे भाषाच नाही. भाषा नसताना भाषेचं जाळं गप्प राहिलं, यावरून भाषा ऐकताना ते मनाचं कोणतंच काम करत नाही असं कसं म्हणायचं? वाक्यातून मन ओळखणं आणि चेहऱ्यावरून मन ओळखणं ही दोन वेगळी कामं असू शकतात. फिल्म पहिल्याबद्दल बोलत नाही. याच गटातल्या पाउनोव, ब्लँक आणि फेडोरेंको यांच्या 2019 च्या पेपरमध्ये गोष्ट ऐकताना ही दोन जाळी वेगळी असूनही काही प्रमाणात एका लयीत चालताना दिसतात. हाउप्टमन, ब्लँक आणि फेडोरेंको यांच्या 2023 च्या मेटा-विश्लेषणात टोमणे, उपरोध, रूपक यांसारखी आडून बोलणारी भाषा दोन्ही जाळ्यांवर पडते. म्हणजे एकाच प्रयोगशाळेतून एकाच वर्षी ‘पुरावा नाही’ असंही येतं आणि ‘दोघं मिळून करतात’ असंही. यात विरोध नाही. एक पेपर कामाच्या वाटणीबद्दल बोलतो, दुसरा सहकाराबद्दल. पण शीर्षक वाचून पुढे जाणाऱ्याला हे कळणार नाही.

दुसरी तक्रार मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती ओटीवर सुचली. काकी बाहेरून आली आणि म्हणाली, ‘खोपोली लोकल रद्द झाली म्हणे.’

हे ‘म्हणे’ बघा. वाक्यात वाक्य नाही, ‘की’ नाही, कर्ता नाही. कोण म्हणालं ते सांगितलेलं नाही, विचारायची गरजही नाही. (‘तुका म्हणे’ मधलं म्हणे वेगळं. तिथे म्हणणारा उभा आहे.) वाक्याच्या शेवटी आलेला हा एक शब्द सांगतो की ही माहिती माझी नाही, दुसऱ्याच्या डोक्यातून आलीय, आणि माझी तिच्यावर सही नाही. आता हेच बदलून म्हणा: ‘खोपोली लोकल रद्द झाली वाटतं.’ प्लॅटफॉर्मवरची गर्दी पाहून काकीने स्वतः काढलेला तर्क. आणि ‘खोपोली लोकल रद्द झाली परत’. सरळ बातमी, वर थोडा वैताग. एकच वाक्य, एकच जागा, तीन शब्द. कुणाचं मन मध्ये आहे तेवढंच बदललं.

इंग्रजीत दुसऱ्याचा समज सांगायचा तर बहुतेक वेळा पोटवाक्य घालावं लागतं. म्हणून मन आलं की व्याकरणही अवघड होतं, आणि मग ते आकडेमोडीने वजा करावं लागतं. शेन आणि मंडळींनी ते प्रामाणिकपणे केलं, पण गुंता त्यांच्या भाषेनेच घातलेला होता. मराठीत तो गुंता सुरुवातीलाच टाळता येईल अशी वाक्यं आपण रोज बोलतो.

‘आपण’ तर याहून मजेदार आहे. ‘आम्ही’ म्हणजे तुला सोडून, ‘आपण’ म्हणजे तुलाही धरून, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण ‘महेशला वाटलं की आपण चुकलो’ या वाक्यात कोण चुकलं? एकटा महेश, की बोलणारा, ऐकणारा सगळेच? शब्द तेच, क्रम तोच, क्रियापदही तेच. आधीच्या संदर्भावरून ऐकणाऱ्याला ठरवावं लागतं की हे ‘आपण’ महेशच्या मनातून बोललं गेलंय की सांगणाऱ्याच्या. (वर गसबद्दल लिहिलेल्या माझ्या वाक्यातही ‘आपल्याला’ होतं. तुम्ही अडखळला नसाल.) अगदी तंतोतंत तेच वाक्य दोन संदर्भांत देता येत असेल, तर त्या वाक्यापुरता भाषिक अवघडपणाचा आक्षेप जवळपास संपतो.

सुरुवातीला मला वाटलं, झालं, पेपर पडला. मराठीत मन व्याकरणातच बसलेलं आहे, तेव्हा मराठी माणसाच्या भाषेच्या जाळ्यात मन सापडणारच. दोन दिवस या आनंदात होते. मग लक्षात आलं की तर्क कच्चा आहे. ‘म्हणे’ म्हणजे ‘ऐकीव’, हे ओळखणं हे शब्दार्थाचं काम, ते भाषेचं जाळं करेलच. काकीला हे कुणी सांगितलं असेल, त्या माणसाला खरंच माहीत होतं का, की काकीला मला आज मुंबईला जाऊच द्यायचं नाहीये, हे ठरवणं हे वेगळं काम. पेपरचा दावा दुसऱ्या कामाबद्दल आहे. म्हणजे मराठीमुळे दावा आपोआप खोटा ठरत नाही. मराठीमुळे तो जास्त काटेकोर तपासता येतो, एवढंच म्हणता येतं.

आणि तपासायला गेलं की अडचणी सुरू होतात. एफएमआरआय रक्तपुरवठ्यातला बदल मोजतं. तो बदल शिखरावर पोचायला पाच-सहा सेकंद लागतात, आणि ‘म्हणे’ उच्चारायला अर्धा सेकंदही लागत नाही. शब्दाचा परिणाम सुटा काढायचा तर अशी खूप वाक्यं लागतील. एकाच परिच्छेदात आठ वेळा ‘म्हणे’ आलं की तो परिच्छेद कुणी माणूस बोललाय असं वाटत नाही. वेळेची बारीक मोजणी करणारा ईईजी घेतला तर ‘कधी’ कळेल, ‘कुठे’ नीट कळणार नाही. शिवाय नुसतं ऐकून सोडून दिलं तर मनाचं जाळंही कदाचित जागं होणार नाही. ‘म्हणे’ ऐकून आपण रोज कुठे चौकशी करतो? दोन्ही जाळी गप्प राहिली तर त्या निकालातून काहीच हाती लागत नाही. म्हणून ऐकणाऱ्याला काहीतरी ठरवावं लागेल असा प्रसंग हवा, उदाहरणार्थ स्टेशनला निघायचं की थांबायचं. पण प्रश्न विचारला की ठरवण्याचं काम वाढतं, आणि ते तिन्ही वाक्यांत सारखं ठेवावं लागतं. मला सध्या ‘आपण’चा प्रयोग जास्त शक्य वाटतो: दोन संदर्भ, एक वाक्य, शेवटी ‘कोण चुकलं?’ एवढंच. तरी संदर्भाची वाक्यं वेगळी राहतातच, हा छिद्रान्वेष मी आधीच करून ठेवते.

‘भाषेचं जाळं सगळ्या भाषांत सारखंच असतं हे सिद्ध झालंय, मग मराठीत वेगळं करून काय मिळणार?’ हा प्रश्न तुम्हाला मुलाखतीत नक्की विचारतील. त्याला आधार आहे तो मलिक-मोरालेडा आणि सहकाऱ्यांच्या 2022 च्या ‘नेचर न्यूरोसायन्स’मधल्या पेपरचा: 45 भाषा, 12 भाषाकुळं, 86 माणसं. ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’चे उतारे ज्याच्या-त्याच्या मातृभाषेत ऐकवले आणि सगळीकडे तेच जाळं मिळालं. काम मोठं आहे. पण भागाकार करा: भाषेमागे फार तर दोन माणसं. आणि प्रश्न होता ‘भाषा समजताना कुठे काम होतं’ हा. ‘भाषा मनाबद्दल जे सांगते ते कुठे कळतं’ हा नव्हता. पहिल्याच्या उत्तरावर दुसऱ्याचं उत्तर धरून चालता येत नाही. मुलाखतीत एवढं सांगितलंत तरी पुरे.

याला आणखी एक बाजू आहे, ती स्कॅनरपर्यंत न जाणाऱ्यांची. खालापूर-कर्जतच्या कातकरी वाड्यांवरची मुलं घरी कातकरी बोलतात आणि अंगणवाडीत, शाळेत पुस्तकी मराठी ऐकतात. उद्या कुणी विळ्याची गोष्ट प्रमाण मराठीत भाषांतर करून त्यांना विचारली आणि मूल ‘चुलीमागे’ म्हणालं, तर ते कशात नापास झालं? मनाचा अदमास बांधण्यात, की ‘आधी कुठे शोधेल’ या रचनेत? मराठीत ‘तिला विळा कुठे मिळेल’ आणि ‘ती विळा कुठे शोधेल’ यांतला फरक एका क्रियापदाचा आहे, आणि उत्तरं उलटी आहेत. दोन जाळी वेगळी आहेत हा या पेपरचा निष्कर्ष इथे खरा उपयोगी पडतो. दोन क्षमता वेगळ्या असतील तर त्या वेगळ्याच तपासल्या पाहिजेत, गोष्ट आधी मुलाच्या घरच्या बोलीत आणि शक्य तर शब्दांशिवाय, हातवाऱ्यांनी, खऱ्या विळ्याने. भाषांतरित परीक्षेचा एकच आकडा घेऊन मुलावर शिक्का मारणाऱ्या अभ्यासात तुम्हाला डेटा गोळा करायला बोलावलं, तर आधी प्रश्नावली मागून वाचा.

आप्पांच्या बाबतीत मात्र मी पेपरचा आधार हवा तितका ताणणार नाही. त्यांना माणसं कळतात, याची मला खात्री आहे. म्हणून त्यांना जमिनीच्या कराराची कलमं कळतील असं होत नाही. तो कागद म्हणजे पोटवाक्यांचं जंगल आहे आणि तिथे भाषेचंच जाळं लागतं. गेल्या सुट्टीत मी गावच्या नकाशाचा कागद त्यांच्यासमोर पसरला आणि विकायचा म्हणतात तो तुकडा पेन्सिलीने रंगवला. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग बोट विहिरीच्या खुणेवर ठेवलं आणि काकीकडे बघून मान हलवली. काकी म्हणाली, ‘विहीर द्यायची नाही म्हणतायत.’ ‘म्हणतायत’ म्हणाली ती. इतक्या महिन्यांत आप्पांच्या बाबतीत तिच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. किंमत, मुदत, हक्कसोड हे सगळं त्यांना कसं दाखवायचं, ते अजून ठरत नाहीये.